वेदनाशामक गोळ्या आणि हृदयाचा धोका : अन्न व औषध प्रशासनाच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

विषय : डायक्लोफेनॅक व तत्सम वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठीविना होणारी विक्री आणि त्यांपासून हृदयाला असलेला धोका.

महोदय,

औषधनिर्माणशास्त्राच्या पदविका अभ्यासक्रमाला शिकवून मी काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या भागातील बऱ्याच मेडिकल दुकानांत आज माझे विद्यार्थी काउंटरमागे उभे असतात, त्यामुळे तिथे ग्राहकाला काय विचारले जाते आणि काय विचारले जात नाही, हे मी जवळून पाहत आलो आहे. माझी मागणी अशी आहे की डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब ही तीन औषधे, मग ती एकेकटी असोत वा दुसऱ्या औषधांबरोबर एकाच गोळीत मिसळलेली असोत, ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी त्याला हृदयविकार, पक्षाघात, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे विचारलेच जावे, आणि ते विचारले जाते की नाही हे आपल्या औषध निरीक्षकांनी दुकान तपासताना पाहावे. मागणी साधी आहे. ती का करावी लागते, हे सांगण्यासाठी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे.

ही तिन्ही औषधे दाह कमी करून वेदना शमवणाऱ्या, परंतु स्टेरॉइड नसलेल्या औषधांच्या गटात मोडतात. आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड आणि निमेसुलाइड हीदेखील त्याच कुळातली. लोक या सगळ्यांना अंगदुखीची गोळी, पेनकिलर किंवा नुसते ‘डायक्लो’ म्हणतात. पॅरासिटामॉल या कुळातले नाही, हे मुद्दाम नोंदवतो, कारण दुकानात ‘दुखण्याची गोळी द्या’ या एकाच वाक्यात दोन्ही मागितली जातात आणि दुकानदाराच्या सवयीप्रमाणे यांपैकी कोणतीही दिली जाते. डायक्लोफेनॅकच्या पाकिटावर लाल उभी रेघ असते, ते अनुसूची एच मधील औषध असल्याचे लिहिलेले असते आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करू नये असा इशाराही छापलेला असतो. त्या इशाऱ्याचे प्रत्यक्षात काय होते, हे आपल्याला मी सांगण्याची आवश्यकता नाही.

या औषधांचा एक दोष मात्र महाराष्ट्रातील घराघरांत पोचलेला आहे. रिकाम्या पोटी घेतल्यास पोटात आग पडते, पित्त खवळते, प्रसंगी जठरातून रक्तस्राव होतो, हे शाळेत न गेलेल्या आजीबाईंनाही माहीत असते. म्हणूनच दोन घास खाऊन गोळी घ्यायची, सोबत पित्ताची गोळी घ्यायची, हा रिवाज पडला आहे. डॉक्टर आणि औषध विक्रेते यांनी वर्षानुवर्षे तेच सांगितले, म्हणून हे घडले. पण पित्ताची गोळी पोटाचे रक्षण करते, हृदयाचे नाही. ज्या माणसाने भरल्या पोटी आणि पित्ताच्या गोळीसह डायक्लोफेनॅक घेतले, तो आपण सर्व काळजी घेतली अशा समजुतीत असतो, आणि हृदयासंबंधी त्याला कोणी एक अक्षरही सांगितलेले नसते.

हा धोका नवा नाही आणि केवळ परदेशी नियतकालिकांपुरताही नाही. मे १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले रोफेकॉक्सिब हे औषध पोटाला कमी त्रास देते म्हणून जगभर गाजले आणि भारतातही अनेक कंपन्यांनी ते विकले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजारांहून अधिक संधिवाताच्या रुग्णांवरील एका चाचणीत रोफेकॉक्सिब घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके नेप्रोक्सेन घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आढळले होते. कंपनीने त्याचा अर्थ असा लावला की नेप्रोक्सेनच हृदयाचे रक्षण करत असावे. पुढे मोठ्या आतड्यातील गाठी टाळण्यासाठी रोफेकॉक्सिब उपयोगी पडते का, हे पाहणाऱ्या दुसऱ्या चाचणीत तुलनेला औषधच नव्हते, नुसती परिणामशून्य गोळी होती. तिथेही हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट भरले, तेव्हा ती पळवाट बंद झाली. ३० सप्टेंबर २००४ रोजी कंपनीने औषध बाजारातून मागे घेतले. तोवर जगभरात सुमारे आठ कोटी लोकांनी ते घेतले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत सरकारने रोफेकॉक्सिबवर बंदी घातली आणि जुलै २००५ मध्ये त्याचे भावंड असलेल्या वाल्डेकॉक्सिबवरही. म्हणजे वेदनाशामक औषधाने हृदयविकार ओढवू शकतो ही गोष्ट आपल्या सरकारने राजपत्रात मान्य केल्याला वीस वर्षे उलटून गेली आहेत.

त्यानंतर मात्र चर्चा थांबली, जणू दोषी औषधे गेली आणि उरलेली निर्दोष ठरली. प्रत्यक्षात संशोधन पुढे चालूच होते. २०१३ साली ऑक्सफर्डमधील संशोधकांनी सहाशेहून अधिक चाचण्यांतील साडेतीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून ‘लॅन्सेट’ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत डायक्लोफेनॅकला रोफेकॉक्सिबच्याच रांगेत बसवावे लागले. मोठ्या मात्रेत, म्हणजे दिवसाला १५० मिलिग्रॅम, डायक्लोफेनॅक घेतल्यास हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढते. हजार लोकांनी वर्षभर ते घेतले तर एरवीपेक्षा तिघांना अधिक असा प्रसंग येतो आणि त्यांपैकी एकाचा मृत्यू होतो. मोठ्या मात्रेतील आयबुप्रोफेननेही हृदयाचे झटके वाढतात असे दिसले. नेप्रोक्सेन या बाबतीत सर्वांत कमी धोक्याचे निघाले, जरी पोटातील रक्तस्राव त्यानेही होतो. आणि हृदय कमकुवत होऊन शरीरात पाणी साठण्याचा विकार, ज्याला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो, तो तर या कुळातील सर्वच औषधांनी जवळजवळ दुप्पट होतो.

युरोपीय औषध संस्थेने जून २०१३ मध्येच यावर पाऊल उचलले. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, हार्ट फेल्युअर, पक्षाघात किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या व इंजेक्शन देऊच नयेत, असा आदेश तिथे निघाला. पुढच्याच वर्षी ॲसिक्लोफेनॅकलाही तोच नियम लागू झाला, कारण त्याची रचना डायक्लोफेनॅकसारखी आहे आणि शरीरात गेल्यावर त्याचे काही अंशी डायक्लोफेनॅकमध्ये रूपांतर होते. ब्रिटनमध्ये डायक्लोफेनॅकच्या कमी मात्रेच्या गोळ्या तोवर चिठ्ठीशिवाय मिळत असत, ती सवलत जानेवारी २०१५ मध्ये काढून घेण्यात आली. आपल्याकडे ॲसिक्लोफेनॅक हे ‘सौम्य’, ‘नव्या पिढीचे’ म्हणून लिहिले जाते. हे मत कुठून आले, याचा मी बराच शोध घेतला. प्रत्येक वेळी माग औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेपाशी येऊन थांबला.

एटोरिकॉक्सिबची कथा अधिक बोलकी आहे. रोफेकॉक्सिबच्याच कंपनीने त्याचा वारस म्हणून ते पुढे आणले, परंतु अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने एप्रिल २००७ मध्ये वीस विरुद्ध एक अशा मतांनी ते नाकारण्याची शिफारस केली आणि प्रशासनाने ते नाकारले. कंपनीचा आधार होता चौतीस हजारांहून अधिक रुग्णांवरील एक चाचणी, जिच्यात एटोरिकॉक्सिब आणि डायक्लोफेनॅक यांनी होणारे हृदयविकार जवळजवळ सारखेच भरले. तेव्हा हा एटोरिकॉक्सिबच्या सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मांडला गेला. वास्तविक तो डायक्लोफेनॅकविरुद्धचा पुरावा होता. युरोपात एटोरिकॉक्सिब मिळते, पण ज्यांचा रक्तदाब सतत १४०/९० च्या वर आहे आणि नीट आटोक्यात नाही, त्यांना ते देण्यास मनाई आहे. आपल्याकडे ९० किंवा १२० मिलिग्रॅमची गोळी मागणाऱ्या माणसाचा रक्तदाब कोण मोजते?

हे औषध हृदयापर्यंत पोचते कसे, हा प्रश्न मला विद्यार्थी नेहमी विचारत. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखापतीच्या जागी ती सूज आणि वेदना निर्माण करतात, पण त्याच कुळातील प्रोस्टासायक्लिन हे द्रव्य रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून स्रवते, रक्तवाहिनी सैल ठेवते आणि रक्तकणिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही. याउलट थ्रॉम्बॉक्सेन हे द्रव्य रक्तकणिकांतून येते आणि गुठळी होण्यास मदत करते. दोघांची बैलजोडी एका जुवाखाली आहे तोवर गाडी सरळ चालते. डायक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब प्रामुख्याने प्रोस्टासायक्लिन तयार होण्यास लागणाऱ्या कॉक्स-२ या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे प्रोस्टासायक्लिनचा बैल जुवातून सुटतो आणि गाडी गुठळीच्या बाजूला ओढली जाते. ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत आधीच चरबीचा थर आहे, त्याला एवढे ओढणे पुरेसे होते. शिवाय मूत्रपिंडांत हीच द्रव्ये मीठ आणि पाणी बाहेर टाकायला मदत करतात. ती अडली की शरीरात पाणी साठते, रक्तदाब चढतो, आणि कमकुवत हृदयावरचा भार वाढतो. टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाने त्यात डायक्लोफेनॅकची भर घातली, तर रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी होतो आणि मूत्रपिंडे अचानक निकामी होण्याचीही भीती असते.

हृदयरुग्णांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. झटका येऊन गेलेल्या बहुतेकांना रक्त पातळ राहण्यासाठी रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलेले असते. आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतले, तर ते रक्तकणिकेतील नेमकी तीच जागा अडवून बसते जिथे ॲस्पिरिनला काम करायचे असते, आणि रुग्ण ॲस्पिरिन घेत असूनही त्याच्या संरक्षणाला मुकतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८३ हजारांहून अधिक डॅनिश रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की अशा माणसांना या गटातील औषधे थोडे दिवस दिली तरी पुन्हा झटका येण्याचा किंवा मृत्यूचा धोका वाढतो, आणि डायक्लोफेनॅकच्या बाबतीत तो अगदी पहिल्या आठवड्यापासून वाढतो. त्यामुळे ‘दोन-तीन दिवसांनी काय होते’ हे वाक्य निदान अशा रुग्णासमोर तरी उच्चारू नये. सर्वसामान्य लोकांतही, साडेचार लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा वाढीव धोका पहिल्या आठवड्यातच दिसला होता, आणि त्यात नेप्रोक्सेनही सुटले नव्हते. अमेरिकेच्या प्रशासनाने जुलै २०१५ मध्ये पाकिटावरचा इशारा अधिक कडक केला तो याच स्वरूपाच्या पुराव्यामुळे.

येथे प्रमाणाचे भान सोडू नये, असे मला वाटते. दाढ दुखते म्हणून दोन दिवस डायक्लोफेनॅक घेणाऱ्या पंचविशीतल्या निरोगी मुलीला घाबरवण्याचा माझा हेतू नाही. तिच्या वाट्याला येणारा धोका अत्यल्प आहे. हजारात तीन हा आकडाही लहान दिसतो, आणि एका माणसापुरता तो लहानच आहे. परंतु साठीच्या पुढचा, मधुमेह आणि रक्तदाब असलेला, कदाचित स्टेंट बसवलेला माणूस गुडघ्यांसाठी महिनोन्‌महिने हीच गोळी घेतो, तेव्हा त्याचा मूळ धोकाच मोठा असल्यामुळे त्यात पडणारी भरही मोठी असते. आणि गुडघे नेमके त्याच वयात दुखतात.

आपले प्रशासन कदाचित म्हणेल की याबाबत तक्रारी आलेल्या नाहीत. हे खरेच असेल, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयातील कळीचा मुद्दा तोच आहे. औषधाने अंगावर विचित्र पुरळ उठले, तर रुग्णालाही शंका येते आणि डॉक्टरलाही, कारण असे पुरळ एरवी उठत नाही. हृदयविकाराचा झटका मात्र एरवीही येतो. बासष्ट वर्षांच्या, तंबाखू खाणाऱ्या, मधुमेही शेतकऱ्याला झटका आला, तर अतिदक्षता विभागातील कोणताही डॉक्टर गेल्या आठवड्यात अंगदुखीची गोळी घेतली होती का, असे विचारत नाही, आणि विचारले तरी त्या एका रुग्णात झटका गोळीमुळेच आला हे कधीच सिद्ध करता येत नाही. आधीच सर्रास आढळणाऱ्या आजारात पडलेली भर खाटेजवळ उभे राहून दिसत नाही. ती हजारो लोकांच्या चाचण्यांतच दिसते, आणि तिथे ती दिसलेली आहे. औषधांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी २०१० पासून देशात एक राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. याच आयोगाने २०२३ च्या नोव्हेंबरअखेर मेफेनॅमिक ॲसिडमुळे त्वचा आणि अंतर्गत अवयवांवर होणाऱ्या एका दुर्मीळ, गंभीर प्रतिक्रियेबद्दल सूचना काढली, आणि ते योग्यच झाले. पण जी प्रतिक्रिया दुर्मीळ होती ती दिसली. जिचे बळी कितीतरी अधिक असण्याची शक्यता आहे, ती अशा नोंदींत कधीच उमटणार नाही. म्हणून तक्रारींची वाट पाहणे ही या बाबतीत खबरदारी ठरत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कोणापर्यंत पोचतो, हेही पाहावे. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी गाळप हंगामात पहाटेपासून रात्रीपर्यंत वाकून ऊस तोडतात आणि मोळ्या वाहतात. एक दिवस काम चुकले तर मुकादम खाडा लावतो, उचल फिटत नाही. अशा ठिकाणी कंबरदुखीवर विश्रांती हा सल्ला कोणी देऊ शकत नाही, आणि गोळी ही चैन उरत नाही, ते कामाचे साधन बनते. कित्येक बायका-पुरुष ती महिनोन्‌महिने जवळजवळ रोज घेतात. २००६ च्या चिकुनगुनियाच्या साथीनंतर राज्यातील गावोगाव लोक सांधे धरल्यामुळे महिनोन्‌महिने लंगडत होते, २०२४ मध्ये पुण्यात पुन्हा तीच तक्रार ऐकू आली, आणि दोन्ही वेळी औषध तेच होते. आषाढी वारीत पायांना फोड आलेल्या, उन्हापावसात दोन-तीन आठवडे चालणाऱ्या वृद्ध वारकऱ्यांना सेवाभावाने गोळ्या वाटणारी मंडळे असतात. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या आणि अंगातले पाणी कमी झालेल्या माणसाला काही न विचारता वेदनाशामक देणे धोक्याचे आहे. तिथे पॅरासिटामॉल आणि चोळायचे मलम आधी पुढे करावे, एवढी सूचना आपण आरोग्य विभागामार्फत देऊ शकता. त्वचेवर लावायच्या डायक्लोफेनॅक जेलमधून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फारच थोडे असते.

आता पुन्हा काउंटरकडे वळतो. ग्राहक चार गोळ्या मागतो, दुकानदार पाकीट कात्रीने कापतो, आणि औषधाचे नाव, लाल रेघ, इशारा यांतले जे काही मागच्या तुकड्यावर राहिले ते दुकानातच राहते. घरी कोणाला कशाची गोळी घेतो आहोत हे कळत नाही, आणि डॉक्टरने दुसऱ्या नावाने तेच औषध लिहिले तर दोन्ही घेतली जातात. एकाच नावापुढे ‘पी’, ‘प्लस’, ‘एसपी’, ‘एमआर’ अशी शेपटे लावून निघणाऱ्या मिश्र गोळ्यांनी हा गोंधळ वाढवला आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात विकल्या जाणाऱ्या, या गटातील वेदनाशामके असलेल्या १२४ मिश्रणांपैकी केवळ ३४ मिश्रणांना केंद्रीय मंजुरी मिळाल्याची नोंद सापडली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम हे मिश्रणही होते. पण दुकानांत सर्वाधिक खपणारी त्याच दोन औषधांची १०० आणि ३२५ मिलिग्रॅमची गोळी आपल्या जागी आहे. सूज उतरवण्यासाठी म्हणून ज्या सेराशिओपेप्टिडेजची भर या गोळ्यांत घातली जाते, ते जपानमधील मूळ कंपनीने उपयोग सिद्ध होत नाही म्हणून २०११ मध्येच बाजारातून काढून घेतले होते.

याच डायक्लोफेनॅकवर आपल्या देशाने एकदा अत्यंत ठाम कारवाई केलेली आहे. जनावरांना दिलेले हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, असे २००४ मध्ये सिद्ध झाले. २००६ मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकचे उत्पादन थांबवण्याचा आदेश निघाला, २००८ मध्ये राजपत्रात बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीच एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची, करण्यात आली. गिधाडे जगली पाहिजेत याबद्दल दुमत नाही. या प्रकरणातून मला एवढेच दाखवायचे आहे की एका औषधाचा मागोवा कारखान्यापासून गोठ्यापर्यंत घेण्याची इच्छा आणि क्षमता आपल्या व्यवस्थेत आहे.

या औषधांवर सरसकट बंदी घालावी, असे मी म्हणत नाही. वेदना खरी असते आणि तिला औषध लागते. हाताशी असलेली गोळी अचानक काढून घेतली, तर लोक ट्रॅमाडॉल या सवय लावणाऱ्या वेदनाशामकाकडे वळतील, किंवा ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि आत स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकच मिसळलेल्या चूर्णांकडे, आणि ती अवस्था आजच्यापेक्षा वाईट असेल. पॅरासिटामॉल हृदयाला तुलनेने सुरक्षित असले, तरी सांध्यांच्या दुखण्यावर ते नेहमी पुरेसे पडत नाही, आणि अति घेतल्यास यकृत जाते, हेही सांगितले पाहिजे. तसेच अनुसूची एच-१ मधील औषधांप्रमाणे प्रत्येक विक्रीची स्वतंत्र वहीत नोंद ठेवण्याची सक्ती या गोळ्यांसाठी करावी, असेही मी सुचवणार नाही; खप इतका आहे की ती वही दिवसाच्या शेवटी एकाच हाताने आणि एकाच शाईने भरली जाईल.

चिठ्ठीचा नियम मोडला तरी चालेल, असे सुचवण्याचा मला अधिकार नाही, आणि माझी तशी इच्छाही नाही. दशकभरापूर्वी आपल्याच प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे आणि चिठ्ठीविना विक्री होऊ नये यासाठी मोहीम उघडली होती, तेव्हा विक्रेत्यांच्या संघटनांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला. सगळ्या औषधांवर एकाच वेळी बोट ठेवल्यामुळे त्या मोहिमेला धंद्याविरुद्धच्या कारवाईचे रूप आले, असे माझे मत आहे. तीन औषधांपुरती, कारण स्पष्ट सांगून केलेली सुरुवात अधिक टिकेल. औषध विक्रीच्या परवान्याच्या अटी सांगणारा, औषधे नियम, १९४५ मधील नियम ६५ आपल्या हाती आहेच. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाला औषधाची माहिती देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवलेले आहे. या दोहोंच्या आधारे आपण एक परिपत्रक काढावे : चिठ्ठी पाहिल्याखेरीज ही तीन औषधे देऊ नयेत; चिठ्ठी असली तरी झटका, स्टेंट, बायपास, पक्षाघात, रक्तदाब, मूत्रपिंड आणि रक्त पातळ करणारी गोळी यांविषयी विचारावे; उत्तर होकारार्थी आले तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना दूरध्वनी करावा किंवा ग्राहकाला परत पाठवावे; आणि कापून दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर औषधाचे मूळ नाव मराठीत लिहावे. जुन्या चिठ्ठीवर वर्षभर तीच गोळी नेली जाते, तिथेही हेच प्रश्न दर खेपेला विचारले जावेत. काउंटरवर मोठ्या अक्षरांत एक मराठी फलक असावा, ज्यावर ‘हृदयविकार असल्यास अंगदुखीची गोळी घेण्यापूर्वी सांगा’ एवढेच लिहिलेले असेल. इंजेक्शनच्या बाबतीत हेच बंधन दवाखान्यांवर यावे यासाठी आपण महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेला लिहावे. ‘सुई मारा’ म्हणणाऱ्या रुग्णाला नाही म्हणणे डॉक्टरांनाही जड जाते, आणि लेखी सूचना हाती असली की ते सोपे होते.

पाकिटावरचा मजकूर बदलणे केंद्राच्या हाती आहे, हे मला ठाऊक आहे. पण औषधविषयक केंद्रीय सल्लामसलत समितीत प्रत्येक राज्याचा प्रतिनिधी बसतो. या गटातील सर्व औषधांच्या पाकिटावर हृदयासंबंधीचा इशारा स्पष्ट शब्दांत, इंग्रजीबरोबर हिंदीत आणि प्रादेशिक भाषेत छापावा, हृदयरुग्णांना डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक आणि एटोरिकॉक्सिब देण्यास युरोपप्रमाणे स्पष्ट मनाई असावी, आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील डायक्लोफेनॅकचा पुनर्विचार व्हावा, असा प्रस्ताव महाराष्ट्राने मांडल्यास त्याला वजन राहील, कारण देशातील औषधनिर्मितीचा मोठा वाटा याच राज्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आयबुप्रोफेन आहे, डायक्लोफेनॅक नाही.

हे पत्र वाचणाऱ्या रुग्णांसाठी एक सूचना येथेच करतो. डॉक्टरांनी दिलेली कोणतीही गोळी हे वाचून आपल्या मनाने बंद करू नये. विशेषतः ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी तर मुळीच नाही, कारण ती हृदयाच्या रक्षणासाठी असते आणि वरील इशारा तिला लागू नाही. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व पाकिटे, कापलेल्या तुकड्यांसकट, सोबत न्यावीत.

प्रशासनाला संपूर्ण राज्यात एकदम हे सुरू करणे अवघड वाटत असल्यास बीड किंवा सांगली, म्हणजे ऊसतोड मजूर जिथून निघतात किंवा जिथे पोचतात असा एक जिल्हा निवडावा आणि येत्या गाळप हंगामाआधी तिथल्या विक्रेत्यांसाठी अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. त्यासाठीचा मराठी मजकूर, प्रश्नांचा तक्ता आणि शिकवण्याचे काम मी व माझे काही जुने सहकारी विनामूल्य करू. हंगाम संपल्यावर त्या जिल्ह्यातील या तीन औषधांची घाऊक विक्री आधीच्या हंगामाशी ताडून पाहावी. घाऊक विक्रेत्यांची बिले आपल्या निरीक्षकांना तपासता येतातच. आपल्या कार्यालयातून कोणाशी संपर्क साधावा, हे कळवल्यास पुढील तपशील लेखी पाठवीन.

आपला विश्वासू,
औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक